चष्मेवाल्यांचा उद्या

संस्थेच्या बाई येणार म्हणून धाकट्याने दुकानाचं शटर कमरेपर्यंत ओढून ठेवलं होतं. दुकान धड उघडं नाही, धड बंद नाही, असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा ते सरळ बंद होतं. ताई वाकून आत शिरली तेव्हा दादा काउंटरमागच्या स्टुलावर बसून चष्मे पुसत होता. भिंग तोंडाशी धरायचं, हाः करून वाफ सोडायची, मऊ फडक्याने गोल पुसायचं, दिव्यासमोर धरून बघायचं आणि पुन्हा हाः. पंचेचाळिशी उलटली होती, हात पैलवानासारखे होते, पण त्या हातांत आजवर एक फ्रेम वाकली नव्हती.

"दादा, जेवलास?"

"जेवला," दादा म्हणाला. स्वतःबद्दल तो असाच बोले, जणू दुसऱ्या कुणाची बातमी देतोय. ताईहून तो मोठा, तरी सगळे तिला ताई म्हणतात म्हणून तोही ताईच म्हणायचा.

शटरखालून एक डोकं आत आलं. "काय हो, आमचा चष्मा झाला का?"

"उद्या," दादा म्हणाला.

"झालं. चष्मेवाल्यांचा उद्या." डोकं हसलं आणि बाहेर गेलं. या गल्लीत कुणी काम रेंगाळत ठेवलं की लोक असंच म्हणत. धाकट्याला त्याचा राग यायचा, कारण तो कामाला चोख होता. पण दादाच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?

ताई जिना चढून वर गेली. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची आणि आज अर्धी रजा टाकून आली होती. आपलेच दात, आपलेच ओठ असं म्हणतात. तिच्या बाबतीत दात तरी निदान दुसऱ्यांचे होते.

वरच्या खोलीत बसायला जागा होती, पण बसलेलं कुणी नव्हतं. धाकटा खिडकीशी उभा होता. भावजय स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पाणी नसतानाही हात पुसत होती. आई तेवढी पलंगाच्या कडेवर टेकली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. गेल्या वर्षी दादाला आंघोळ घालताना दोघंही घसरली. त्याला काही झालं नाही. आईचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. तोवर दादाच्या अंगाला तिने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. त्यानंतर सगळं भावजयीवर आलं. कोपऱ्यात एक निळी बॅग होती, टम्म भरलेली.

"बॅग भरलीसुद्धा?" ताईने विचारलं.

"तयारी असलेली बरी," धाकटा म्हणाला. "जागा एकच आहे. बाई आज हो म्हणाल्या तर उद्या परत नाही म्हणायला नकोत."

"दादाला विचारलंत?"

"बाई विचारतील. त्यांची पद्धतच आहे, स्वतः विचारल्याशिवाय घेत नाहीत. आणि ताई, आता ऐन वेळी फाटे फोडू नकोस. मागच्या वेळी तू काय म्हणालीस आठवतंय ना? 'मला जमणार नाही.' मी काही बोललो का?"

"बोललास की. दोन खोल्या आहेत, एकटीच आहेस, असं म्हणालास."

"मग खोटं होतं का?"

"खोल्या दोन आहेत, हे खरं होतं."

भावजय मध्ये पडली. "ताई, तुम्ही बसा बघू आधी. चहा टाकते." पण चहा टाकायला ती आत गेली नाही. बाबांच्या दिवसांतल्या भांडणानंतर तिने या घरात कुणाची बाजू घेणं सोडून दिलं होतं. ज्याची बाजू घेतली तोच दुसऱ्या दिवशी दुसऱ्याशी गोडीगुलाबीने बोलताना दिसे आणि ही मधल्या मध्ये वाईट.

बाई आल्या त्या दादाच्या मागोमागच. खाली दुकानात त्या त्याच्याशी आधीच बोलल्या होत्या आणि दादाने त्यांचा चष्मा काढून घेऊन पुसून दिला होता. साध्या, रुंद खांद्यांच्या बाई. खुर्ची दिली तर त्यांनी ती ओढून दादाच्या समोर ठेवली आणि फोनमधले फोटो दाखवायला लागल्या.

"ही खोली. ही खिडकी. हा पलंग. इथं तुमच्यासारखेच लोक राहतात. कुणी बागेत काम करतं, कुणी पिशव्या शिवतं. चष्मे पुसायला मात्र कुणी नाही."

"खिडकी," दादा म्हणाला. "छान."

"छान आहे ना? मग आमच्याकडे राहायला यायचं?"

दादाने फोन त्यांना परत दिला. हातात देताना काच आपल्या शर्टाला पुसली.

"उद्या," तो म्हणाला.

धाकट्याने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "बघा. मी सांगत नव्हतो? त्याला सगळं कळतं."

"इतक्या पटकन सहसा कुणी तयार होत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटलेलं दिसत होतं. "मग उद्याच आणा सकाळी. त्याच्या मनात आहे तोवर आलेलं चांगलं."

"शुभस्य शीघ्रम्," धाकटा म्हणाला.

दादा उठला आणि खाली निघून गेला. त्याचं खाली काम होतं.

ताईने आईकडे पाहिलं. आई आपल्या मनगटाकडे पाहत होती.

लहानपणी 'नाही' शब्द ऐकला की दादा भिंतीवर डोकं आपटायचा. कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं, आईनेच युक्ती काढली. नाही म्हणायचंच नाही, उद्या म्हणायचं. फुगा हवा? उद्या. बाहेर जायचं? उद्या. ताईबरोबर शाळेत जायचं? उद्या. आपटणं थांबलं. शेजारणींनी आईचं कौतुक केलं. पण तो उद्या कधी उजाडत नाही, हे दादाला लवकरच कळलं. शिकवला तोच अर्थ त्याने घेतला आणि नको ते समोर आलं की तोही म्हणू लागला, उद्या. दूध? उद्या. स्वेटर? उद्या. ताई त्याच्या शेजारी झोपायची, त्याच्या ताटातलं त्याला नको असलेलं खायची. तिला हा अर्थ अ-आ-इ-ई बरोबरच कळला. धाकटा जन्मला तोवर आपटणं विसरलं गेलं होतं. त्याने दादाचा उद्या ऐकला तो दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. चष्मा झालेला नाही, एवढंच दादा त्यांना सांगत असे. धाकट्याला वाटे, हा बाबांचं ऐकून वायदे करायला शिकलाय.

आत्ता गप्प राहिलं तर सकाळी दादा जाईल. ताईच्या दोन खोल्या ताईच्याच राहतील. कामावरून घरी आल्यावर कुणाशी एक शब्द न बोलता तिला पाय पसरून बसता येईल, जन्मभर. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं आणि येताना त्याने दार वाजवलं नाही. ती खिडकीपाशी गेली, तिथून पलंगापाशी, पुन्हा खिडकीपाशी.

"ताई, काय येरझाऱ्या घालतेस," धाकटा म्हणाला. तो आता मजेत होता. "बस की."

"तो नाही म्हणाला," ताई म्हणाली.

"कोण?"

"दादा. उद्या म्हणजे नाही. त्याच्या भाषेत."

"काहीतरीच काय. रोज ऐकतोय मी त्याला."

"रोज ऐकतोस आणि रोज गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी येऊन तुझ्याशी भांडतात. कधी विचार केलास, का?" मग ती आईकडे वळली. "आई, सांग ना."

आईने नजर मनगटावरून उचलली नाही. त्यातच सगळं आलं. बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्स मांडीवर उभी धरली.

सगळ्यात आधी बोलली ती भावजय. तिचा आवाज इतका हळू होता की धाकट्याला 'काय' म्हणावं लागलं.

"केस," ती म्हणाली. "मी भाऊजींना विचारायचे, भाऊजी, केस कापायचे का? ते म्हणायचे उद्या. मग मी दुसऱ्या दिवशी न्हाव्याला घरी बोलवायचे. आणि ते रडायचे. दोन्ही हात डोक्यावर धरून रडायचे. मला वाटायचं, स्वतःच तर काल उद्या म्हणाले, आता का रडतात? मी रागावले पण एकदा त्यांच्यावर. शब्द दिलाय तुम्ही, म्हटलं." ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही इथेच पलंगावर असायचात. तुम्ही तरी सांगायचंत."

"सांगितलं असतं तर केस कापलेच नसते कुणी," आई म्हणाली. "हो म्हणणार होता का तो कधी? तुझ्या मनाला लागलं असतं आणि त्याच्या डोक्यात उवा झाल्या असत्या."

"म्हणून मला फसवायचं?"

"फसवलं नाही. बोलले नाही."

"या घरात ते एकच असतं," भावजय म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही. म्हणजे ती तिथेच, भिंतीपलीकडे उभी होती.

धाकट्याचा चेहरा उतरला होता, आणि उतरलेला चेहरा लपवायला तो चढ्या आवाजात बोलू लागला. "ठीक आहे. नाही म्हणाला. मग? मग तू ने त्याला, ताई. अर्थ तुला कळतो, भाषा तुला येते. आम्ही अडाणी. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे येतात. ही बाई," त्याने भिंतीकडे बोट केलं, "वर्षभर त्याची नखं काढतेय, आंघोळी घालतेय. हिचे वडील तिकडे अंथरुणावर आहेत, त्यांच्याकडे दोन दिवस जायचं तरी हिला चोरी. तू महिन्यातून एकदा येतेस, दादा जेवलास का म्हणतेस, आणि आज येऊन सांगतेस की उद्या म्हणजे नाही."

हे सगळं खरं होतं. "मी नेते असं म्हणत नाहीये मी," ती म्हणाली.

"मग काय म्हणतेस?"

"तो काय म्हणाला, ते म्हणतेय. बाईंनी विचारलं. त्याने उत्तर दिलं. ते उत्तर आपण बदलायचं नाही, एवढंच."

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," धाकटा म्हणाला आणि पहिल्यांदाच खाली बसला.

बाई बोलल्या. "बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे पाळ्या बदलतात. सकाळची माणसं वेगळी, दुपारची वेगळी. त्याला कुणी विचारलं असतं, दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जायचं का, अंगाला हात लावू का, आणि तो उद्या म्हणाला असता, तर आमच्या माणसांनी..." भावजय दारात येऊन उभी राहिली होती. "नियमाने मी नाही म्हणणाऱ्याला घेत नाही. खोली दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. पुढची कधी रिकामी होईल, मला सांगता येणार नाही."

"नका देऊ," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मला ऐकू आलं होतं. मी काय बहिरी आहे? त्याने उद्या म्हटलं, ते तुमच्या सगळ्यांच्या आधी मला कळलं." ती सगळ्यांशी बोलत होती, पण बघत होती ताईकडे. "त्याच्या होकाराची वाट बघत बसले तर मी आधी जाईन. आणि मग काय? हा तुझा भाऊ त्याला नेऊन सोडेल, कारण दुसरा इलाज नसेल. तेव्हा तो रडेल. का रडतोय, ते कुणाला कळणार? मी असताना जायला हवा तो. मी असताना रडला तर मला निदान कळेल तरी, हे केसांचं रडणं आहे की पोटाचं."

"पण त्याला न सांगता, आई?" ताई म्हणाली.

"सांगून आजवर काय झालं त्याच्या मनासारखं?"

"नाही झालं. पण त्याला वाटेल, आपण नाही म्हणालो आणि सगळ्यांनी मान डोलावली. उद्या सकाळी गाडीत बसवताना तोच विचार करेल तो. आता आपला शब्दसुद्धा चालत नाही, असं वाटेल त्याला. मग त्याच्याकडे उरलं काय?"

आईने वाकड्या मनगटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बोलव त्याला वर."

दादा आला. हातात फडकं तसंच होतं. धाकटा पुढे झाला. त्याला आता काहीतरी बरोबर करून दाखवायचं होतं. दादाच्या खांद्यावर हात ठेवून तो नीट, सावकाश म्हणाला, "दादा, ऐक. उद्या बाईंकडे राहायला जायचं."

"हो," दादा म्हणाला आणि हसला. त्याचे खांदे सैल झाले.

"अरे, काय केलंस," आई म्हणाली. "जायचं नाही, असं सांगितलंस त्याला."

धाकट्याने हात काढून घेतला. मग त्याच्याही तोंडून हसू फुटलं, अगदी नको त्या वेळी. त्याचं बघून ताईला आलं, भावजयीने पदराआड तोंड लपवलं. दादा सगळ्यांकडे बघून मोठ्याने हसला. चौघं हसत होती, बाईंना हसावं की नाही ते कळत नव्हतं आणि आई एकटी, दगडासारखी. येणाऱ्या दिवसाला या घराकडे शब्दच नव्हता. एक होता, तो कधीच खर्चून बसले होते.

"इकडे ये," आई म्हणाली. दादा तिच्या पायाशी जमिनीवर बसला. "आज जेवायचं. झोपायचं. उठायचं. चहा प्यायचा. मग गाडी. मग बाईंकडे. ती खिडकी होती ना? तिथे. तिथे झोपायचं. दुसऱ्या दिवशीपण तिथे. रोज तिथे."

दादाने एकेक शब्द ऐकला. भिंग दिव्यासमोर धरून बघतो तसा. त्याचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू आटलं.

"आई?" त्याने विचारलं.

"आई इथे."

तो उठला. कोपऱ्यात गेला, निळी बॅग उघडली आणि त्यातला सगळ्यात वरचा शर्ट काढून कपाटात ठेवला. मग दुसरा. घाई नाही, आदळआपट नाही. घडी मोडली तर तो ती पुन्हा घालत होता.

"हे मला कळलं," बाई हळूच म्हणाल्या.

आई उठली. कपाटातला शर्ट काढून तिने बॅगेत ठेवला. दादाने तो काढला. आईने दुसरा ठेवला. त्याने तोही काढला. धाकटा मध्ये जायला निघाला तेव्हा भावजयीने त्याची बाही धरली. ताईला वाटलं, लहानपणी असाच खेळ असायचा यांचा, डब्यात बटणं टाकायची आणि काढायची. पण तेव्हा दोघं हसायची.

मग आईने आपल्या कपाटाचं दार उघडलं आणि स्वतःचे कपडे आणून बॅगेत ठेवले. दादा थांबला. त्याने ते कपडे ओळखले. त्याला हायसं वाटल्याचं सगळ्यांना दिसलं. काढलेले शर्ट तो एकेक करून परत आणू लागला.

"मावशी, नातेवाइकांना राहता येत नाही आमच्याकडे," बाई म्हणाल्या. मग त्याच्या हातातल्या शर्टांकडे बघून म्हणाल्या, "पाहुण्यांची एक खोली आहे. चार-आठ दिवस मी बघते काय ते."

"चार-आठ पुरेत. तुमच्या माणसांना त्याचं बोलणं शिकवते," आई म्हणाली. "सकाळच्यांना वेगळं, दुपारच्यांना वेगळं. शिकतील ना?"

"शिकतील."

धाकटा म्हणाला, "झालं तर मग. प्रश्नच मिटला."

"नाही मिटला," आई म्हणाली. ती बॅगेवर वाकली. मग आपले कपडे तिने बाहेर काढले. "सूनबाई, मला वेगळी पिशवी दे. ती भाजीची दिलीस तरी चालेल. एका बॅगेतून गेले तर त्याला वाटेल, परतही दोघांचे कपडे बरोबरच येणार. पुन्हा फसवायला नको."

भावजयीने पिशवी आणली. आईने आपले कपडे त्यात भरले, एका हाताने, कुणाला मदत करू दिली नाही. मग बॅग आणि पिशवी शेजारी शेजारी ठेवली.

"ही तुझी. ही माझी. दोन्ही जाणार. तुझी तिथे राहणार. माझी परत येणार. मग ताई येईल तुझ्याकडे, बघायला."

हे ताईला विचारलेलं नव्हतं. "रविवारी," ताई म्हणाली. "दर रविवारी. आणि मी आले नाही तर फोन करून तसं सांगेन. उद्या येते म्हणणार नाही."

दादा बॅगेकडे बघत होता, पिशवीकडे बघत होता. हातातला शेवटचा शर्ट त्याने छातीशी धरला होता.

"उद्या," तो म्हणाला.

खोलीत आता असं कुणी नव्हतं ज्याला ते कळलं नाही. बाईंनीही मान खाली घातली.

"ऐकलं मी," आई म्हणाली. "नाही म्हणालास. ऐकलं. तरी जायचं."

खाली शटरवर कुणीतरी थाप मारली, दुकान चालू आहे का, असं विचारलं. धाकटा हलला नाही. दादाने शर्ट बॅगेच्या कडेवर ठेवला, आत नाही आणि बाहेर नाही, आणि तिथेच जमिनीवर बसला.

ताईने वाकून चेनला हात घातला.

"लावू नकोस," आई म्हणाली. "त्याला अजून काढायचे असतील."